जमीर इंजिनिअर अन् लंगडी मोटर

बाभुळगावच्या गफ्फार मिस्त्रीच्या जमीरनं यवतमाळले इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुन्यात नोकरी केली, अन् मंग गावी येऊन बापाच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात बसला. काहून आला, असं कोनी इचारलं का म्हने, "तिथं डोकं चालत नव्हतं." इथं मात्र असं चाललं बाप्पा, का घरातली एक वस्तू जाग्यावर राह्यली नाही.

पह्यले अँटेना. दोन हजार पाच साल. मोबाइल नवा, गावात रेंजचा पत्ता नाही. जमीरनं अब्बाच्या छत्रीच्या काड्या काढून माळवदावर लावल्या. रेंज आली, पन त्याची अम्मी जैबुनबी हातात तवा घेऊन मागं उभी असली तंच!

"अरे, मैं तेरी अम्मा हूँ के खंबा?" ती ओरडली.

मंग त्यानं तवाच काड्यांच्या मागं बांधला. रेंज पक्की झाली, घरातल्या रोट्या बंद.

त्यानंतर मोटरचं यंत्र. मोटरचा फिरता दांडा फेऱ्यात नेमका कुठं पोचला, हे एका तांब्याच्या कॉइलवरून वळखायचं. दवाखान्याच्या भंगारातून त्यानं कार्डिओग्रामची जुनी मशीन आनली. तिच्या कागदी पट्टीवर मोटरची चाल उमटे. चहाच्या टपरीवर जमीर तोऱ्यात बोलला, "मोटर कुठं हाय, थे माहं यंत्र सांगते."

झालं! कापसाच्या पडल्या भावानं लोकायचं कंबरडं मोडलं होतं, त्यात तांब्यापायी विहिरीवरच्या मोटरा चोरीले जाऊन राह्यल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर सात जन उभे. "माही सांग बावा, पोळ्यापासून गायब हाय." जमीर दांडा, फेरा, कोन समजावता समजावता घामाघूम झाला. सगळं आयकून त्यातला लखीराम म्हने, "मंजे सायकलीचं नाही सांगत?"

तिसऱ्या दिवशी विमलताई आली. तिची तीन एकर कपाशी बोंडावर, विहिरीत पानी, अन् मोटर चोरट्यायनं नेलेली. जमीरनं आधीच हात जोडले. "काकू, माहं यंत्र चोरीची मोटर शोधत नाही."

"तुले शोध कोन म्हनते? कुठं हाय थे मले ठाऊक हाय. कळंब रोडवर तो जुन्या मोटरा इकते ना, त्याच्याकडं. हिरवा रंग मारला, नंबरची पट्टी घासली. म्हनते, पुरावा आना. उद्या गिऱ्हाईक नेनार हाय तिले. तुह्या यंत्राले इचार, थेच हाय का?"

जमीरले एकदम आठवलं. दसऱ्यात तिची मोटर दुकानात आलती, तवा त्यानं तिची चाल पट्टीवर घेतली होती. पट्टी कुठं ठेवली, हे काही आठवेना. मोटरचा पत्ता सांगनारा हा पोट्टा, स्वतःच्या चपला रोज अम्मीले इचारे! पट्टी शेवटी मसाल्याच्या डब्यात निंगाली. जैबुनबीनं तिच्यात लवंगा बांधल्या होत्या.

दोघं स्कूटरवर कळंब रोडले पोचले. दुकानदार हसला, "काय डॉक्टर, मोटरले ताप आला का?"

जमीरनं कॉइल लावली, हिरवी मोटर चालू केली. नवी पट्टी निंगाली. दर फेऱ्यात एक ठेच अन् दोन झोले. जुन्या पट्टीवर अस्संच, वरून लवंगांचा वास.

"सगळ्याच मोटरा अशा चालतात," दुकानदार म्हने.

"मंग सगळ्याच पाहू ना," जमीर म्हने, अन् तिथल्या चार मोटरा एकामागं एक लावल्या. चारी सरळ चालल्या. तवरक बघ्यायची गर्दी झालती. एक म्हातारा बोलला, "हिरवीचं काळीज कमजोर दिसते."

विमलताईनं पदर खोचला. "लंगडी माही हाय, मले दे. धडधाकट तुह्या तुले लखलाभ. का बोलावू पोलिसायले?"

"मी तं इकत घेतलती," दुकानदार पुटपुटला, अन् स्वतःच मोटर उचलू लागला.

जमीरले भलता आनंद झाला. "काकू, ठेच काहून लागते सांगू? फिरत्या दांड्यावरची एक सळई तुटली..."

"थे कपाशीले सांगजो. पह्यले उचल!"

दिवस मावळायच्या आत विहिरीवर मोटर बसली. सरीत पानी धावलं. जमीर गुडघाभर चिखलात उभा राहून तिची चाल आयकत होता.

विमलताईनं इचारलं, "ही ठेच दुरुस्त होते का रे?"

"होते ना! उद्याच करून देतो."

"नको बाप्पा," ती म्हने. "लंगडीच राहू दे. पुन्हा कोनी नेली तं वळखू येईन."