बोट दाखवलेली काकडी

"बोट नोको दाखू व. मूठ दाव. मूठ, असी."

तुळजाबाईनं मूठ आवळून वेलाकडं रोखली. काकडीशी तिचं जुनं भांडण असावं असं वाटलं.

"अन मुठीनं कोन्ती काकडी म्हनतो ते समजन कसं, आत्याबाई?" नव्या सुनेनं विचारलं. चंद्रभागा इंद्रवेल्लीकडची. लग्न वैशाखात झालं होतं, पण नांदायला आली ती पेरण्या आटोपल्यावर, आणि सासूच्या वावरात आज पहिल्यांदाच.

"नाई समजत तं नोको समजू. कवळ्या काकडीले बोट दाखवलं का ते सडते. तुमच्याकडं नाई सडत?"

"आमच्याकडं सडाच्या आंधी खातात."

"लय तोंड हाय तुले," तुळजाबाई म्हणाली, आणि सून तिला आवडली हे तिथंच ठरलं. "आतापावतर दाखवलं तं नाई ना कोठी?"

"दाखवलं ना. थ्या झोपडीवरच्या काकडीले. तुमी पाह्यलं."

"म्या नाई पाह्यलं काई."

पण कुपाटीपलीकडं उभ्या सखूबाईनं पाहिलं होतं. सखूबाई म्हणजे तुळजाबाईची नणंद, गावातच दिलेली. कुपाटीच्या काट्यांवर हनुवटी ठेवून उभं राहणं हे तिचं कित्येक वर्षांचं काम. आत यायला तिला बंदी होती.

आमचं गाव नेरडीगोंड्याच्या मोठ्या सडकेपासून आत, नाल्याच्या काठी. बाकीच्यांचा कापूस, तुळजाबाईची भाजी: वांगी, मिरच्या, काकड्या, ढेमसं. डोक्यावर टोपलं घेऊन ती बाजाराला जायची. तिथं तेलुगू गिऱ्हाइकाशी मराठीत भांडायची आणि मराठी गिऱ्हाइकाशी तेलुगूत, म्हणजे दोघांचंही काही चालत नसे.

पण तिचा खरा लौकिक सडण्यातला. कोणाचं काही सडलं की लोक आधी तिला बोलावत, मंग पोचम्मा देवीला, मंग सडकेवरच्या औषधवाल्याला. ती फळ हातात घेई, फिरवी, अंगठ्यानं दाबी, नाकाला लावी. "अळीचं सडनं येगळं, बुरशीचं येगळं, बाप्पा. अळी दार पाडून घरात जाते, भोक दिसते. बुरशीले दार लागत नाई. थे जावयावानी कोठूनबी घुसते." वांग्यावर पिंगट खोलगट डाग आणि त्यात फोडणीतल्या मोहरीसारखे काळे ठिपके, ही बुरशी. असलं वांगं बियाण्याला ठेवणाऱ्याला ती गाढव म्हणायची, त्याच्या बापासमोर. पिकल्या मिरचीवर बसका गोल डाग, त्यात चक्रावर चक्र, तीही बुरशी. पण टमाट्याचं बूड काळं पडून चामड्यासारखं झालं तर म्हणे, "हा रोग नोय. तुये पानी देन्याचे नखरे होय. एक दिस बुडवतं, मंग हप्ताभर तरसवतं." तोवर त्या माणसाचं औषध फवारून झालेलं असे. त्याचा चेहरा पडला की तिला जेवण गोड लागे.

ती कधी चुकत नसे असं नाही. चुकली तर कबूल करत नसे, म्हणून मोजदाद नाही.

बोटाचा कायदा तिनं सासूकडून घेतला आणि सासूपेक्षा कडक केला. त्यामागं देवधर्म नव्हता. बोट दाखवणारा माणूस मागोमाग हात घालतो, एवढंच. तिच्या वावरात पाव्हणेरावळे, पाटील, सगळे मुठी आवळून फिरत. लांबून पाहणाऱ्याला वाटे कुस्ती लागणार.

या कायद्यात पहिली सापडली ती सखूबाईच. नवं लग्न झालं होतं, भावाच्या वावरात आली, ढेमसाकडं बोट करून म्हणाली, "वयनी, थे दे." पंधरवड्यात ढेमसं सडली. तुळजाबाईनं भर बाजारात सांगितलं की नणंदेच्या बोटात विष आहे. तेव्हापासून सखूबाई कुपाटीबाहेर. लग्नाकार्यात दोघी एका पंगतीला बसत, एकमेकींना वाढत, वावराचं नाव निघालं की दोघींच्या हातून मीठ जास्त पडे.

तर चंद्रभागेनं बोट दाखवलं आणि पुढच्याच हप्त्यात पावसाची झडी लागली. झडी उघडली तेव्हा काकड्या सडल्या होत्या.

सखूबाई त्या सकाळी न बोलावता अंगणात येऊन बसली. नणंद म्हणून तो तिचा हक्कच होता. मारोतराव, म्हणजे तुळजाबाईचा नवरा, बिडी पेटवत होता. पोरगा दौलत भिंतीला टेकून नख कुरतडत होता, आणि त्याची बायको चुलीपाशी.

"माया डोयानं पाह्यलं, भाऊ," सखूबाई म्हणाली. "पुरं बोट. नख रंगवलेलं. आता वेल सरेपावतर पोरीले मायेरी ठिवा. पुढच्या साली पाहू."

पहिल्याच पावसाळ्यात सासरनं परत धाडलेली पोरगी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंद्रवेल्लीत लोक काकडी विचारणार नाहीत, भलतंच विचारतील. त्याचं उत्तर द्यायला बोट पुरत नाही.

"लिंबू कापू पोचम्मापुढं," मारोतराव म्हणाला.

"अन लिंबू सडला तं कोनाचं बोट म्हनान?" तुळजाबाई.

दौलतनं नख बदललं. चंद्रभागेनं चूल विझवली, आत गेली आणि बोचकं बांधायला बसली. रडली नाही. लुगडी मात्र झटकत होती जोरात, प्रत्येक झटका अंगणात ऐकू येईल असा.

तुळजाबाई उठली, टोपलं घेतलं आणि वावराकडं निघाली.

वावरात तिनं एकेक काकडी उलटी केली. वरून हिरवी, पोटाखाली पांढरा कापूस, जसा उशीतून निघतो. दाबली की पाणी गळे. वास नासक्या कढीचा. पण हे पोट टेकलेल्यांचंच. वेलाला लोंबत्या होत्या त्या टणक. झोपडीवरची, जिला पोरीनं बोट दाखवलं, ती तर सखूबाईच्या हाताएवढी झाली होती.

दरसाल ती वेलाखाली पराट्या अंथरी, कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. काकडी त्यांच्यावर लोळे, चिखल खाली राही. औंदा वेल उघड्या मातीवर होते. पराट्या कुठं गेल्या ते तिला आठवायची गरज नव्हती. लग्नात दौलतनं लाकडं आणतो म्हटलं तेव्हा तीच ओरडली होती, "लाकडं कायले? पराट्या मायनाभर पडून हायत." सगळ्या वऱ्हाडाचं वरण त्यांच्यावर शिजलं.

ती बांधावर बसली. बोट म्हणावं तर सून जाते. पराट्या म्हणावं तर सखूबाईचं बोट सुटतं, आणि मंग ती जुनी ढेमसं कोणी सडवली हे निघतं. इतक्या वर्षांचा दरारा, तोही एका काकडीच्या पोटाखाली. तिनं नाल्याकडं तोंड करून एक शिवी हासडली. शिवी कोणाला ते सांगता येत नाही, पण सुनेला नव्हती आणि नणंदेलाही नव्हती.

अंगणात परतली तेव्हा बोचकं उंबऱ्यावर आलं होतं. तिनं टोपलं मधोमध ठेवलं.

"झडीनं सडल्या," ती म्हणाली.

"झडी तं दरसाली येते," सखूबाई.

"बियानं खराब निंगलं."

"तुयाच घरचं बियानं."

"म्हशीनं तुडवलं असन."

"म्हैस तुयाकडं नाई, वयनी. मायाकडं हाय, अन थे मायासंग कुपाटीबाहेरच रायते."

मारोतराव हसला आणि ते खोकल्यात लपवलं. तुळजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मंग टोपल्यातून एक सडकी काकडी काढून उलटी धरली. पांढरी बुरशी सगळ्यांना दिसली.

"हे मातीले टेकलेली. खाली पराट्या नोत्या. पराट्या लग्नात जाळल्या. म्या जाळल्या." मंग झोपडीवरची काकडी काढली. "अन हे बोट दाखवलेली. खाय."

तिनं ती गुडघ्यावर मोडली आणि अर्धी नणंदेपुढं धरली. सखूबाईनं घेतली, चावली. कडू नव्हती. सावकाश चावत राहिली.

"मंग माया बोटानं काय सडलं होतं?" तिनं विचारलं.

 दौलतचं नख कुरतडणं थांबलं.

"तवा राती पाट फुटला होता," तुळजाबाई म्हणाली. "ढेमसं दोन दिस पान्यात होते. बांध म्याच नीट घातला नोता."

"तुले तवाच मालूम होतं?"

"दुसऱ्या दिसीच."

"मंग काऊन म्हनली?"

"तू वावरात आली का तुया भाऊ म्हने, सखूले दे, सखूले दे. टोपलंभर जाये. मले बरं सापडलं थे."

सखूबाईनं उरलेली काकडी संपवली, बी थुंकलं. "दरिद्री हायस तू वयनी," ती म्हणाली. "पह्यलेपासून."

"हाव. मंग?"

"मंग काई नाई. भाऊ, मी आता वावरात येऊन राह्यली. जे पायजे थे तोडीन. अन ईले सांगून ठिव, माया टोपल्यात डोकू नोको म्हना."

मारोतरावानं आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर "हो" म्हटलं, तेही बहिणीकडं पाहून. तुळजाबाईनं ते चालू दिलं. हे तिच्या वयात फार झालं.

"थे बोचकं आत ठिव व," ती सुनेला म्हणाली. "अन तुराट्याचा भारा काढ. तुरीच्या हायत, पराटीएवढ्या बऱ्या नाई, पन चालन. दौलत, तू नख खाऊन झालं असन तं इळा घे."

दुपारपर्यंत चौघं वावरात होते. चंद्रभागा वेल उचलून धरी, दौलत खाली तुराट्या सरकवी. सखूबाई आत, ऐन मधल्या सरीत उभी राहून, हे असं नाही, ते तसं नाही, सांगत होती. कोणी ऐकत नव्हतं. तुळजाबाई सडक्या काकड्या वेचत होती. एकही वेलाखाली सोडली तर बुरशी मातीत राहते, पुढच्या साली पुन्हा घुसते, म्हणून खाली वाकून, पानं बाजूला सारून. टोपलं भरलं. ते तिनं डोक्यावर घेतलं. त्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. नाल्याच्या बाजूला न जाता ती पार टोकाच्या खड्ड्याकडं गेली, टोपलं पालथं केलं, वरून फावड्यानं माती ओढली आणि रिकामं टोपलं घेऊन पुढच्या सरीला लागली.