गादीवालीचा शोक

नवरा गेला तेव्हा गादीवालीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. चौथ्या दिवशी तिनं दुकान उघडलं आणि जुन्या गाद्यांमधला कापूस काढून काठीनं झोडपायला बसली. "दगडाचं काळीज आहे हिचं," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. दोघी एकाच घरात राहायच्या, पण कामापुरतंच बोलायच्या. असं वर्ष गेलं.

एकदा चर्चचे तरुण धर्मगुरू आपली गादी पुन्हा भरून घ्यायला आले. सासूबाईंनी त्यांच्याकडेही तेच गाऱ्हाणं मांडलं. सुनेची काठी मागे चालूच होती. तिच्याकडे बघत धर्मगुरू म्हणाले, "आजी, बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेतला. त्यात शोक करण्यासाठी एक शब्द येतो, कोप्तो. त्याचा मूळ अर्थ मारणं, घाव घालणं. आपण ऊर बडवणं म्हणतो ना, तसंच काहीसं."

"म्हणजे ही वर्षभर..." सासूबाई सुनेकडे वळल्या.

"मला रडूच येत नव्हतं हो आई," गादीवाली म्हणाली. "हात मात्र थांबत नव्हते."

सासूबाईंनी बाह्या सरसावल्या, कोपऱ्यातली दुसरी काठी घेतली आणि त्या सुनेसमोर बसल्या. दोघींनी असा काही कापूस झोडला की शिंकून शिंकून बेजार झाल्या. "अगं सावकाश, मलाही पाठवतेस का त्याच्याकडे!" म्हणत सासूबाई हसल्या, आणि हसता हसता दोघी रडल्या.

आता सासूबाई रोज दुपारी दुकानात येतात. कापूस थोडा आणि गप्पाच जास्त झोडतात.