दोनशे तीस भागिले चार

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी मुलुंडला एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला लागले. पाणी तापवायचे हीटर बनायचे तिथे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं काम सोपं होतं. कॉइल लाइनवर जोडायची, करंट वाचायचा. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की वॅट. हजार वॅटच्या कॉइलमधून साडेचारच्या आसपास अँपिअर गेले की पास. काटा चारावर राहिला, तर तार लांब पडली, रेझिस्टन्स वाढला, कॉइल नापास.

तार गुंडाळायचं काम एकच बाई करायची. मालवणकडची, पन्नाशीची, नवरा गिरणी सुटून घरी बसलेला. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती मोजपट्टी वापरत नसे. सळईवर वेढे घेताना ओठ हलायचे, मध्येच थांबायची आणि तार तोडायची. डबा खाताना माझ्या ताटलीत न विचारता सुकट वाढायची.

त्या पावसाळ्यानंतर तिच्या कॉइली नापास व्हायला लागल्या. पण फक्त दुपारी. सकाळी शंभरातल्या दोन-तीन जायच्या, जेवणानंतर निम्म्या. मावशी म्हणायची, शेजारच्या गाळ्यांतली मशिनं सुरू झाली की आमच्या लायनीतला जोर जातो, दिवासुद्धा पिवळा दिसतो. माझ्या टेबलावरचा व्होल्टमीटर मात्र कायम दोनशे तीस दाखवायचा. मेन स्विच बंद केला तरी दोनशे तीस. तो बदलून घेणं सुपरवायझरचं काम होतं, आणि मी लागण्याच्याही आधीपासून त्याने ते केलं नव्हतं.

एकदा मालक आले असताना मावशीने हे त्यांना सरळ सांगून टाकलं. मालकांनी सुपरवायझरकडे पाहिलं. तो हसला. ते हसू मला तेव्हाच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातला माझा मल्टिमीटर घेऊन गेले. दुपारी तीनला लाइन मोजली, दोनशे व्होल्ट. नापास झालेल्या एका कॉइलमधून चार अँपिअर जात होते. दोनशे भागिले चार, पन्नास ओहम. पुढच्या सकाळी तीच कॉइल पुन्हा लावली. दोनशे तीस व्होल्ट, चार पूर्णांक सहा अँपिअर. पुन्हा पन्नास. कॉइलमध्ये काही खोट नव्हती. मी कागद घेऊन सुपरवायझरकडे गेले. त्याने तो नीट वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. म्हणाला, "तुझे सहा महिने या महिन्यात भरतायत ना? पर्मनंटचं पत्र मीच टाइप करायला देणार आहे."

मल्टिमीटर मी त्याच संध्याकाळी घरी परत नेला.

शनिवारी जेवणानंतर त्याने सगळ्यांना भिंतीवरच्या फळ्यापाशी बोलावलं. पंधरा-सोळा माणसं होतो आम्ही. मालक मागे खुर्चीवर बसले होते. त्याने मावशीच्या हातात खडू दिला आणि म्हणाला, बाई, तुम्ही मालकांना वीज शिकवता, आम्हालाही शिकवा. व्होल्टेज दोनशे तीस, करंट चार. रेझिस्टन्स काढा.

मावशीला आकडेसुद्धा धड लिहिता येत नव्हते. तिने दोन लिहिला, तोही उलटा. पॅकिंगमधल्या मुली हसल्या. तो म्हणाला, घाई नाही, आपल्याला पाच वाजेपर्यंत वेळ आहे. मग खरंच हाताची घडी घालून उभा राहिला. मावशीच्या मानेवरून घाम उतरत होता. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"गो चेडवा, माका हिशोब येणा नाय. तू शिकलेली. तू सांग त्यांका."

मी पुढे गेले. तिच्या हातातला खडू घेतला, तो ओला झाला होता. दोनशे तीस भागिले चार, असं मी लिहिलं. साडेसत्तावन्न. अक्षर माझं सुरेख आहे. सुपरवायझरने विचारलं, किती पाहिजे? मी म्हटलं, पन्नास-बावन्न. "म्हणजे?" म्हणजे तार लांब पडते, मी म्हणाले.

मावशी फळ्याकडे बघत राहिली. नंतर स्वतःच्या हातांकडे. सोमवारपासून ती आली नाही. पत्र मला महिन्याच्या शेवटी मिळालं. पुढच्याच आठवड्यात नवा व्होल्टमीटर बसला, आणि दुपारच्या नापास कॉइली थांबल्या. कुणी काही विचारलं नाही.

वर्षभराने मुलुंडच्या बाजारात ती भेटली. दोन घरची धुणीभांडी करत होती. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिने माझा हात धरून घरचं विचारलं, लग्न ठरलं का विचारलं. मग म्हणाली, "एक विचारू? तेव्हा खरंच माजो हात चुकत होतो?"

तेव्हा माझ्यापुढे सुपरवायझर नव्हता. नोकरी पक्की होती. कुणाचीही भीती नव्हती.

"हो मावशी," मी म्हटलं, "थोडा चुकत होता."

तिने मान हलवली. म्हणाली, बरा झाला सांगितलंस, मी उगाच त्या माणसाक वर्षभर शिव्याशाप देत होतंय. मग पिशवी सावरून ती कोथिंबिरीचा भाव करायला वळली. मीही भाजी घेतली आणि घरी आले.