गयाकाकूंची गाय आणि ज्ञानोबाचे बाहुले

माझ्या हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे होते, पुढ्यात गयाकाकूंची जर्सी गाय मरून पडली होती, आणि दूध संस्थेचे चेअरमन खुर्ची टाकून बसून मला रिपोर्टात काय लिहायचं ते सांगत होते. मी अजून गायीला सुरीसुद्धा लावली नव्हती.

"प्लास्टिक लिहा मॅडम," ते म्हणाले. "खेळण्याचं प्लास्टिक गिळून मेली. सोपं हाय."

"साहेब, आधी पोट उघडू द्या. मग बघू सोपं आहे का."

"उघडा की. पण निघणार त्येच हाय."

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होते. बहुतेक सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच झाली. ही गोष्ट युसूफ वडगावच्या पुढच्या एका माळावरची, दुष्काळातली. विहिरींनी तळ दाखवला होता. कडब्याने लादलेला ट्रॅक्टर गेला तरी लोक थांबून बघत. म्हणून दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. छावणी म्हणजे जनावरांचा मुक्काम. शेडनेटखाली ओळीने दावणी, टँकरचं पाणी आणि दिवसातून दोनदा चारा. जनावराबरोबर घरातलं एक माणूस तिथेच राहायचं. माझं काम लसी टोचायचं, आजार बघायचं आणि एखादं जनावर दगावलं तर शवविच्छेदन करून कारण लिहायचं. कारण मी लिहायचं, चेअरमननी नाही. एवढी साधी गोष्ट त्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हती.

चेअरमनांचा पुतण्या विक्रम छावणीचा मॅनेजर होता. पस्तिशीतला, पुण्याला शिकून आलेला. त्याने पुरावा आणला होता. पारदर्शक पिशवीत बोटाएवढा निळा प्लास्टिकचा हात, मूठ वळलेला. गयाकाकूंच्या गव्हाणीत सापडला म्हणे. हात कुणाच्या बाहुल्याचा, हे छावणीत कुणालाच विचारावं लागलं नसतं.

बाहुले फक्त ज्ञानोबाकडे होते. ज्ञानोबा धारूरकडचा, पंचेचाळिशीचा, बैलगाडीवर ऊसतोडीला जाणारा. त्याला सुपरहिरोंचे बाहुले जमवायचा नाद होता. दरवर्षी वेगळ्या कारखान्यावर तोड, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा सीझन संपला, की तिथल्या आठवडी बाजारातून एक बाहुला. एकच. बाकीची टोळी भांडी घ्यायची, साड्या घ्यायची. हा बाहुला घ्यायचा आणि वर्षभर टोळीची चेष्टा ऐकायचा. छावणीत त्याने ते सगळे आपल्या बैलांच्या वर एका दोरीला ओळीने टांगले होते. लाल मुखवट्याचा, हिरवा दांडगा, काळ्या कानांचा, पाठीला झगा असलेला. सगळे डुप्लिकेट. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर, छातीवरचं चिन्ह उलटं, रंग ओघळलेला.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "ज्ञानोबा, हाच नाद कावून लागला तुम्हाला?" तिथल्या लोकांत राहून मीही 'का'ऐवजी 'कावून' म्हणायला लागले होते.

"पयला घेतला तवा बघा, हात वर करून हुबा व्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, ह्यो बी मोळी उचलायलाय. गाडी भरताना आमी असंच हुबं राहतो. मंग घेतला."

विक्रमला या बाहुल्यांचा मनापासून राग होता, आणि रागाचं कारण असं की तो स्वतःही बाहुले जमवायचा. त्याचे ओरिजिनल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात, डब्याचं सीलसुद्धा न फोडलेले. मला त्याने मोबाइलवर फोटो दाखवले होते. ज्ञानोबाच्या दोरीसमोर उभा राहून तो एकदा म्हणाला होता, "ह्याची बॉडी एकाची, हेल्मेट दुसऱ्याचं. हा आहे तरी कोण?"

ज्ञानोबा म्हणाला, "आमच्या टोळीत बी एक केजचा, एक गेवराईचा, एक धारूरचा. ऊस तर सगळ्यांच्या कोयत्यानं तुटतो न्हवं साहेब."

लोक हसले होते. विक्रम नाही.

आता गाय मेल्यावर त्याने हुकूम काढला होता. ज्ञानोबाने बैल सोडायचे आणि दिवस मावळायच्या आत छावणीबाहेर व्हायचं. बाहेर म्हणजे कुठे? बाहेर ना गवताची काडी होती, ना पाण्याचा थेंब. बैल बाजारात नेऊन मातीमोल द्यायचे, नाहीतर डोळ्यांदेखत उपाशी मारायचे. आणि बैल गेले की येत्या सीझनला गाडी कुणी ओढायची? हे सगळं माहीत असूनही हुकूम निघाला होता. मला त्याचाच संताप आला.

"विक्रम," मी म्हटलं, "हा हात गव्हाणीत सापडला ना?"

"हो."

"मग तो गायीने खाल्ला कसा? खाल्ला असता तर पोटात सापडला असता. गव्हाणीत सापडला म्हणजे तिने खाल्ला नाही."

त्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "हा राहिला असेल. दुसरा खाल्ला असेल."

ज्ञानोबाने जाऊन तो एक हात तुटलेला बाहुला आणला. दुसरा हात जागच्या जागी होता. "परवाच्या वाऱ्यानं दोरी तुटलती," तो म्हणाला. "हात माझाच हाय, म्या न्हाई म्हणलोच न्हाई."

मग मी आयुष्यात पाहिली नाही अशी ओळखपरेड झाली. चारा छावणीचा मॅनेजर एकेक बाहुला हातात घेऊन त्याचे हातपाय तपासत होता. पलीकडे जनावरं पाण्यासाठी हंबरत होती, त्याची कुणाला पर्वा नव्हती. एक बाहुला खरंच थोटा निघाला. विक्रमचा चेहरा उजळला.

"हा! ह्याचा हात कुठंय?"

"त्यो तसाच घेतलता साहेब. कंपनीतूनच थोटा आला हाय. कुणी घेत नव्हतं, म्हणून घेतला."

गयाकाकू इतका वेळ गायीच्या डोक्याशी बसल्या होत्या. साठीची बाई. घर त्या एका गायीच्या दुधावर चालत होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, बाहुल्याचं मरू द्या. माजी गाय कशानं मेली त्ये सांगा."

"ती आजारी कधीपासून होती काकू?"

"लई दिस झालं. खात नव्हती. उतारावर चालताना कण्हायची. पुढचं पाय फाकून हुबी राहायची. गळ्याखाली सूज आलती. ह्या मॅनेजरांना सांगितलं तर म्हणले ताप हाय, अन् इंजेक्शन दिलं."

"मला का नाही कळवलं?" मी विक्रमकडे वळून विचारलं.

"तुम्हाला कशाला त्रास, मॅडम. किरकोळ वाटलं."

त्रास! मला त्रासासाठीच पगार मिळत होता. आणि काकूंनी सांगितलेली लक्षणं कॉलेजच्या पुस्तकात असतात तशी, एकामागून एक होती. मी दवाखान्याच्या परिचराकडे सुरी मागितली आणि कामाला लागले.

गाय खाताना चावत नाही. आधी गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. त्यामुळे चाऱ्यातून आत काय चाललंय हे तिला कळत नाही. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. जड वस्तू दुसऱ्या कप्प्यात जाऊन पडते. तो कप्पा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो आणि हृदयाच्या अगदी शेजारी असतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा. टोकदार वस्तू असली की प्रत्येक हालचालीबरोबर ती पुढे सरकते.

मी पहिला कप्पा सगळा रिकामा केला. चिपाडं, माती, सुतळीचा गुंता. प्लास्टिकचा हात नाही, पाय नाही, झगा नाही. मग दुसरा कप्पा. त्याच्या भिंतीतून बोटभर तार आरपार गेली होती, पडदा फोडून हृदयाच्या पिशवीपर्यंत. पिशवी पुवाने भरलेली होती. वास असा आला की चेअरमननी खुर्ची मागे घेतली.

मी तार धुऊन ट्रेमध्ये ठेवली. दोन्ही टोकं कापल्यासारखी तिरकी होती. ही कुठे पडलेली गंजकी तार नव्हती. बांधकामाला वापरतात ती बाइंडिंग वायर, यंत्रातून तुटलेली.

"छावणीत तार कुठून आली?" मी विचारलं.

मी सरळ कुट्टी मशीनकडे गेले. छावणीत बाहेरून वाढं यायचं. वाढं म्हणजे उसाचा शेंडा. ते मशीनमध्ये घालून बारीक करायचे, तीच कुट्टी. वाढ्याची मोळी बांधायची रीत ऊसतोडीच्या पोरालाही माहीत असते. त्याच वाढ्याच्या पानाला पीळ द्यायचा आणि गाठ मारायची. बांधायला बाहेरचं काही लागत नाही, आणि गाठीसकट मोळी जनावरापुढे टाकली तरी बिघडत नाही. मशीनपाशी रचलेल्या मोळ्या मात्र तारेने बांधलेल्या होत्या.

"वाढं लई वाळलेलं येतंय मॅडम," मशीनवरचा माणूस म्हणाला. "पानाला पीळ द्याया गेलं की तुटतं. म्हणून तिकडूनच तार बांधून येती."

"आणि तुम्ही तार सोडून मग मशीनमध्ये घालता?"

"रांग लई असती..." तो विक्रमकडे बघत म्हणाला. मशीनच्या पात्यांना करवतीसारखे दाते पडले होते.

वाढं आणायचं काम विक्रमचं होतं. ट्रक त्याचा, सोय त्याची. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो निळा हात इतक्या प्रेमाने पिशवीत का घातला होता.

विक्रम म्हणाला, "एखादी तार आली असेल. एका तारेवरून सगळा चारा खराब नाही म्हणता येत."

मला लोहचुंबक हवं होतं. दवाखान्यातून मागणी करून कितीतरी महिने झाले होते, आलेलं नव्हतं. मग आठवलं. परवा दोरी तुटल्यापासून ज्ञानोबाचा झगेवाला बाहुला शेडच्या लोखंडी खांबाला चिकटलेला होता. त्याच्या पाठीत चुंबक होतं.

"ज्ञानोबा, तो झगेवाला द्या जरा."

त्याने आणून दिला, पण हातातून सोडेना. "त्येला काई व्हणार न्हाई ना मॅडम?"

"काही नाही होणार."

छावणीतली सगळी माणसं आता मशीनभोवती जमली होती. मी बाहुला कुट्टीच्या ढिगात कोपरापर्यंत खुपसला, चार ठिकाणी फिरवला आणि वर काढला. त्याच्या पाठीवर, झग्यावर, मानेवर तारेचे तुकडे उभे राहिले होते. साळिंदर दिसावं तसा दिसत होता. बायकांमधून "आगं बाई" असा आवाज आला. जी ती आपल्या जनावराच्या गव्हाणीकडे पळाली आणि पुढ्यातली कुट्टी हाताने मागे ओढायला लागली.

गयाकाकूंनी तो बाहुला माझ्या हातातून घेतला आणि विक्रमच्या नाकासमोर धरला.

"ह्ये वरिजिनल हाय का रं तुजं?"

तो एक पाऊल मागे सरला. चेअरमन उठले, मशीन बंद करायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तार लिहा, हरकत न्हाई. पण संग प्लास्टिक बी लिहा. दोन्ही असू द्या. पोराचं नाव खराब होतंय."

"पोरगा पस्तीस वर्षांचा आहे साहेब," मी म्हटलं. "आणि पोटात प्लास्टिक नव्हतं."

मी ट्रेवर कागद ठेवून तिथेच रिपोर्ट लिहिला. चाऱ्यातील तार हृदयावरणात घुसून मृत्यू. ज्ञानोबाचे बैल जागेवर राहिले. त्या दिवसापासून मोळीची तार आधी सोडायची, मग मशीन, असं ठरलं. संस्थेने बरीच टाळाटाळ करून गयाकाकूंना एक कालवड दिली. त्यासाठी मला चेअरमनांच्या घरी खेटे घालावे लागले आणि चार लोकांत आवाजही चढवावा लागला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात छावणीत गेले तर फाटकावर बोर्ड: 'छावणीत खेळणी आणण्यास सक्त मनाई.' तारेबद्दल एक अक्षर नाही. आणि झगेवाला बाहुला कुट्टी मशीनच्या तोंडाशी खिळ्याने ठोकलेला. खिळा छातीतून गेला होता, एक पाय मोडला होता. चारा तपासायला म्हणून विक्रमने तो ज्ञानोबाकडून काढून घेतला होता. मी चेअरमनांकडे गेले.

"डुप्लिकेट तर हाय मॅडम," ते हसत म्हणाले. "दुसरा घेऊन देऊ की त्याला बाजारातून."

ज्ञानोबा माझ्यामागे उभा होता. एरवी तो त्यांच्यासमोर बोलत नसे.

"दुसरा कसा साहेब?" तो म्हणाला. "त्यो ज्या सालचा हाय, त्या साली माजी मंडळी संग व्हती. त्या बाजारात तिनंच हात लावून काढला त्यो. आता ती न्हाई."

चेअरमननी मान खाली घातली. खिळा मीच पक्कडीने उपसला. नंतर दवाखान्याच्या मागणीचा पाठपुरावा करून मशीनसाठी खरं चुंबक आणलं, ते बसलं. ज्ञानोबाने बाहुल्याचा पाय तापवलेल्या सळईने चिकटवला. थोडा वाकडा बसला.

एवढं होऊनही संस्थेच्या सभेत विक्रमने उभं राहून सांगितलं की गाय तारेने आणि खेळण्याने मेली, मॅडमच्या रिपोर्टात खेळण्याला कुठे नाही म्हटलंय? लोकांनी माना डोलावल्या. काही जणांनी ज्ञानोबाला पुढे वर्षभर 'गायमाऱ्या' म्हणून हाक मारली. कागद काढून पाहिला तर विक्रमचं खरं होतं, तसं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जेवढे शवविच्छेदनाचे रिपोर्ट लिहिले, त्या प्रत्येकात काय सापडलं याच्या खाली काय सापडलं नाही तेही लिहीत गेले.