उशिरा पडणारा ठोका

अल्बम कुठे रेकॉर्ड केला, असं कोणी विचारलं की दिनानाथ मढवी सरळ सांगतो, ‘कोंबड्यांच्या शेडात.’ लोकांना थट्टा वाटते. पण पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक बंद पडलेली पोल्ट्री आहे. तिथेच ‘खाजण’ नावाच्या तिघांच्या बँडने दोन दिवसांत आपला पहिला अल्बम वाजवून काढला. चार गाणी, सगळ्यात छोटं अकरा मिनिटांचं. डोकं भोवंडून टाकणारी गिटार, पोटात घुसणारा बास, आणि मागे दिनानाथचे ड्रम. पत्रे थडथडले, तेही रेकॉर्ड झालं. पुसलं काहीच नाही.

दिनानाथ तळोज्याजवळच्या गावचा, एकोणचाळिशीचा. पोरवयापासून गावोगावच्या हळदींत वाजवायचा. अशाच एका हळदीत नवीन पनवेलच्या राजसने, म्हणजे गिटारवाल्याने, त्याला ऐकलं आणि जेवणावरच गाठलं. ‘दादा, आमच्यात वाजवाल का? फक्त हळू आणि जड.’

‘हळू? आमच्या हळदीन हळू वाजवला तं जेवन पन नाय देत कोन.’

पण गेला. आणि रमला.

पोटासाठी तो एका केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडे, कंप्रेसर हाऊसला. अकरा वर्षं. तिथे माणसं बोलतात ती हातांनी. कानात घालायला बोळे मिळतात, पण ते घातले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, आणि तो कळला नाही की शिव्या बसतात. वर्षातून एकदा कानाची तपासणी. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा, टिक ऐकू आली की बटण दाबायचं. जो नापास झाला त्याचा गेटपास पुढे निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

दिनानाथचा उजवा कान नोकरीच्या सातव्या वर्षीच मंदावला होता. पण टिकटिक ठरावीक अंतराने येते, हे त्याने आधीच हेरलेलं. वाजवणारा माणूस तो. मनात मोजायचा आणि दाबायचा. दरवर्षी पास. कँटीनमध्ये वर हसून सांगायचा, ‘बटनाला ताल लागतो, बाबा.’

शेडात राजस नेमका त्याच्या उजवीकडे उभा राहिला. गिटारचा अंदाज येईपर्यंत दिनानाथचा हात थांबायचा, ठोका जरासा मागे पडायचा. ‘परत घेऊ या काय?’ त्याने दोनदा विचारलं. राजसने हात जोडले. ‘दादा, असं कोणीच वाजवत नाही. राहू द्या.’ अल्बम आल्यावर अनोळखी लोक त्याच ठोक्याबद्दल लिहू लागले. चिखलातून पाय उपसल्यासारखा, म्हणे.

मग डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. बायको गोदू जेवायला बोलवताना ताटावर चमचा आपटू लागली, तेव्हा तो घाबरला. यंदाच्या तपासणीत त्याने मोजलं नाही. खरंच ऐकू आलं तेव्हाच दाबलं, आणि अर्ज दिला: डावा कान शाबूत आहे तोवर मला पॅकिंगला टाका.

सेफ्टीचे उदयसिंह साहेब तसे वाईट नाहीत. चहा मागवला, खुर्ची त्याच्या डावीकडे ओढून बसले.

‘हे तुझे दहा वर्षांचे रिपोर्ट. ठणठणीत. नापास झालास तो यंदा. यंदाच नवीन काय केलंस?’ त्यांनी मोबाइल पुढे धरला. अल्बमच्या कव्हरवर ड्रमवर वाकलेला दिनानाथ, खाली ओळ: फुल आवाजात वाजवलंय, तसंच ऐका. ‘आमची पोरगी सई रोज लावते. भारी वाजवलंयस, खरंच. पण वरचे मला हेच विचारणार ना?’

‘साहेब, ते रिपोर्ट खोटे हायत. मी मोजून दाबायचो.’

‘लेखी देशील?’

दिलं असतं तर गेटपास त्याच दिवशी गेला असता. शेवटी लेखी दिलं ते वेगळंच: कान छंदापायी गेला. कंपनीवर ठपका आला नाही, म्हणून गेटपास राहिला. अर्ज बाद, काम कायम, कंप्रेसर हाऊस कायम.

रविवारी शेडात राजस उड्या मारत होता. पुण्याला कार्यक्रम ठरलेला. ‘दादा, तो उशिराचा ठोका अगदी तस्साच हवा. लोक त्याच्यासाठीच येतायत.’

‘तो मुद्दाम मारलेला नाय रे. तुजी गिटार मना घावत नव्हती.’

बासवाल्या रंजिताने तारांवरचा हात काढला.

‘मग थांबू या, दादा,’ राजस म्हणाला. ‘डावा तरी वाचेल.’

‘वाचतो कसला? उद्या सकाली परत कंप्रेसरच हाय. जायचाच हाय तो कान, मंग सगला त्या मशीनलाच कशाला देऊ?’

त्याने उठून राजसचा स्पीकर ढकलत आणला, आपल्या डाव्या हाताशी, कानापासून हातभर अंतरावर ठेवला. ‘वाजव. जोरान.’

राजसने आवाज वाढवला नाही. दिनानाथने वाकून बटण स्वतःच शेवटपर्यंत फिरवलं.

पहिला ठोका अगदी वेळेवर पडला. राजसला तो तसा नको होता, तरी त्याने गिटार थांबवली नाही.