सुयोगचं गाऱ्हाणं

सुयोग परबसारखा गोलकीपर विक्रोळीत दुसरा झाला नाही. ज्याला पटत नसेल त्याने कन्नमवार नगरात येऊन चारचौघांत तसं म्हणून दाखवावं.

त्याचा खेळ फळीचा फुटबॉल. छोटं टर्फ, सहा-सहा गडी, चारी बाजूंनी कमरेएवढ्या फळ्या, वर जाळी. बॉल बाहेर जातच नाही. फळीवर आपटला की परत खेळात. बाकीचे गोलकीपर बॉल बघायचे, आमचा सुयोग फळी बघायचा.

मार्तंडशेठनी पगारी लीगमध्ये 'विक्रोळी वादळ' ही टीम उतरवली आणि पहिल्याच सीझनला वाट लागली. सगळ्यात खाली. लोक म्हणायचे, वादळ कसलं, टेबलफॅन आहे.

दुसऱ्या सीझनला सुयोगने टर्फच्या कडेला नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं घातलं. गावी देवळात घालतात तसंच. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. व्हय म्हणणाऱ्याचंही ते मागणं होतं, ही त्यातली गोम. त्या वर्षी टीम सेमीफायनलला गेली. मग गाऱ्हाण्याशिवाय कुणी बूट बांधेना.

तिसऱ्या सीझनला फायनल. शेठ टीम कांदिवलीला हलवणार अशी कुजबुज सुरू झाली होती. त्या दिवशी सुयोगने डोळे घट्ट मिटले.

"बा देवा म्हाराजा, ही पोरा तुझ्या पायाकडे उभी आसत. ह्या वादळाक येश दी. आणि ही टीम हयच, विक्रोळीत, एकठय रवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा आवाज कॅप्टन देवव्रतचा. बाजूच्या बिल्डिंगमधला, शाळेपासूनचा दोस्त. कप आला. शेवटच्या मिनिटाला फळीवरून उसळलेला बॉल सुयोगने उलटा झेपावून काढला. टीव्हीवरच्या मोठमोठ्यांनापण ते जमलं नसतं.

पंधरवड्यात शेठनी जाहीर केलं, टीम कांदिवलीला चालली. नावापुढे आता कांदिवली. जुन्यातले चार जण घेतले. कॅप्टन तोच. गोलकीपर नवा.

सुयोगने देवव्रतला बिल्डिंगच्या गेटवर गाठलं.

"तुला कधी कळलं रे?"

"कळलं म्हणजे... मी सही केली ना."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

फायनल दसऱ्यानंतर झाली होती.

"मग व्हय म्हाराजा कशाला म्हणालास?"

"सगळे म्हणतात यार. म्हणायचंच असतं ते. तू पण ना, काय धरून बसतोस."

देवव्रतने मारलं असतं तर सुयोगने उलटा हात तरी दिला असता.

चौथ्या सीझनला मुलुंडची टीम त्याला घरी येऊन घेऊन गेली. पाया पडायला तो कुणाकडे गेला नव्हता. त्यांची चौथी मॅच कांदिवलीत, वादळशी.

दोन्ही टीम उभ्या राहिल्या आणि लाउडस्पीकर सुरू झाला. "बा देवा म्हाराजा, ही पोरा तुझ्या पायाकडे उभी आसत..." सुयोगचाच आवाज. फायनलच्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर घेतलेला. येश दी पर्यंत वाजला आणि तिथेच कापलेला. समोर देवव्रत हात जोडून उभा होता. अख्खं टर्फ ओरडलं, "व्हय म्हाराजा."

देवव्रत जवळ आला. "भारी वाटतं ना? पब्लिकला जाम आवडतं."

"पुढचं कुठं गेलं?"

"ते विक्रोळीचं होतं रे. इथे कसं चालेल?"

सुयोगने ग्लोव्हज चढवले. मग देवव्रतने सरळ मारले, फळीवरून मारले, एक तर दोन फळ्यांवरून मारला. एकही आत गेला नाही. मुलुंड जिंकली. पोरांनी सुयोगला खांद्यावर घेतलं, पण तो कण्हल्यासारखं 'सोडा रे' म्हणत खाली उतरला.

घरी सुगंधा, त्याची आई, दारातच होती. तिला बातमी आधीच लागलेली.

"जिंकलंस मा? मगे तोंड असा कित्या केलंस?"

सुयोग मोजे काढत राहिला.

"आये, थयसर माझोच आवाज वाजत होतो. देवाकडे मी त्यांच्यासाठी येश मागी होतंय. आणि माझा मागणा मीच मोडून इलंय."

"तू खय मागलंस? तेनी वाजवल्यानी."

"देवाक काय म्हायत, आये?"