ताईच्या नावाचं निरंक

ताई गेल्यावर मी तिचा फोन बंद केला नाही. तिचं सेलूला गादीचं दुकान होतं आणि त्या दुकानाचं जीएसटीचं विवरणपत्र त्याच फोनवरून भरता येत होतं. महिनाभर काहीच विकलं गेलं नसेल, तर निरंक असल्याचा एक मेसेज पाठवायचा. उलट एक कोड येतो, तो परत पाठवायचा. एवढंच. आजारपणात दुकान बंद पडलं तेव्हा तिनंच मला हे शिकवलं. ती पलंगावर, मी शेजारी खुर्चीत. "एवढाली पुस्तकं वाचतं तू," ती म्हणाली, "एवढंसं तं जमन न तुले?"

जमलं. ती गेल्यानंतरही मी ते करत राहिलो. वीस तारखेच्या आत मेसेज पाठवायचो आणि मग खात्याच्या संकेतस्थळावर तिचा जीएसटी नंबर घालून पाहायचो. तिचं पूर्ण नाव यायचं, खाली दुकानाचं नाव, आणि स्थितीच्या पुढे 'सक्रिय'. रेशनकार्डातून तिचं नाव कमी झालं होतं. बँकेनं खातं बंद केलं होतं. इथे मात्र ती अजून होती.

आम्ही दोघंच. आई-वडिलांनंतर तिनं दुकान चालवून मला शिकवलं, मी प्राध्यापक झालो, निवृत्त झालो. लग्न दोघांनीही केलं नाही. वर्ध्याजवळ पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरातून ती रोज सकाळच्या बसनं सेलूला जायची. आता मी जाऊ लागलो. शटर उघडायचो, गाद्यांवरची धूळ झटकायचो, तिच्या जागी बसून वाचायचो.

विकत मात्र काही नव्हतो. एक उशी विकली तरी निरंक राहणार नव्हतं.

"लोड आहे का, सर?" एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"नाही."

त्यानं माझ्या डोक्यावरच्या फळीकडे पाहिलं. "मंग ते वर काय रचून ठेवलं, पोते?"

मी पुस्तकात पाहत राहिलो. तो गेला.

वर्ध्याला ताईचे कागद पाहणारे सल्लागार होते. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की मालक गेल्यावर वारसानं नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला तेवढा आणून द्या. दाखला माझ्या पिशवीतच होता. मी 'आणतो' म्हणायचो आणि त्यांच्या ऑफिसच्या रस्त्यानं जायचं टाळायचो.

दुकानात गाद्या भरून टाके घालायला एक बाई होत्या. ताईजवळ त्या कितीतरी वर्षं होत्या. काम थांबलं तरी अधूनमधून यायच्या, उंबऱ्याशी बसायच्या आणि उठून जायच्या. एक दिवस आल्या त्या बसल्या नाहीत.

"पोरीचं लग्न जमलं, सर."

"छान झालं."

"तिच्यासाठी गादी काढून ठेवली होती ताईनं. तिकडं कोपऱ्यात, फुलाच्या खोळीची. म्याच भरली. दोन उश्या अन् रजई पण हाय संगं. तेवढं द्या मले."

"घेऊन जा ना, बाई. तुमचंच आहे."

"फुकट नाई पाहिजे. पैसे घ्या, बिल फाडा. पोरीच्या सासरी सांगता आलं पाहिजे का दुकानातून घेतली म्हणून."

विकता येत नाही, असं मी म्हणालो. काऊन, असं त्यांनी विचारलं. मग मला निरंकाचं सगळं सांगावं लागलं. मेसेज, कोड, संकेतस्थळावरचं ताईचं नाव. हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. बोलता बोलता ते मलाच विचित्र वाटू लागलं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे दुकान चालू हाय हे दाखवाले तुम्ही दुकान बंद ठेवून राह्यले?"

मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

"ताई असती न, तं तुम्हाले हाकललं असतं. दिवसभर गादीवर बसते अन् घेत काईच नाई, म्हणली असती."

मला हसू आलं. मग चष्मा काढून पुसावा लागला. बाईंनी दुसरीकडे पाहिलं. "पुढच्या महिन्यात येतो मी," त्या म्हणाल्या, "तोवर काय ते करा."

मी वर्ध्याला जाऊन दाखला दिला. मेलेल्या माणसाच्या नावानं निरंकही भरायचं नसतं, असं वकीलसाहेब म्हणाले, पण रागावले नाहीत. ताई वसतिगृहांना गाद्या पुरवायची, त्यांना जीएसटीचं बिल लागायचं, म्हणून तिनं तो नंबर घेतला होता. आता एवढ्याशा विक्रीला तुम्हाला नंबराची गरज नाही, ते म्हणाले, साधं बिल द्या. राहिलेल्या मालाचा हिशेब आणि अर्ज त्यांनीच केला. नोंदणी रद्द झाल्याचं कळल्यावर मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. तिचं नाव होतं तसंच होतं. पुढे 'रद्द' असं आलं होतं.

बाई ऑटो घेऊनच आल्या. बिलबुक ताईचंच होतं, वर दुकानाचं नाव, खाली जीएसटी नंबर छापलेला. मी नंबरावर रेघ मारली आणि बिल लिहिलं.

"उशीचे येगळे पैसे लावले काय?" बाई म्हणाल्या. "ताई नव्हती लावत."

मी उश्या खोडल्या.

ऑटोत गादी बसेना, तेव्हा चालकानं ती दोरीनं वर बांधली. निघताना बाई म्हणाल्या, "रुई पडून हाय मागं, वाया जाईन. सोमवारी येतो. दाभण काढून ठेवजा."

मी कोपऱ्यात गेलो. गादी होती तिथे जमिनीचा चौकोन स्वच्छ राहिला होता. गादीला टाके घालायचं दाभण कुठे ठेवलेलं असायचं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत मी ते शोधत होतो.

वीस तारखेला सकाळी मी सवयीनं ताईचा फोन चार्जिंगला लावला. पाठवायला काही नव्हतं.